ऑफिसात नाहीतर शाळेच्या लॅबमध्ये प्रत्येकाचं होम फोल्डर आणि सगळ्यांचं शेअर फोल्डर कसं लावायचं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेत बारा कॉम्प्युटर होते आणि सगळ्यांचा व्यवहार पेन ड्राईव्हवर चालायचा. सभासदांची यादी तीन मशीनवर तीन वेगवेगळी, त्यातली बरोबर कुठली ते फक्त एका आक्कांना ठाऊक, आणि आक्का रजेवर गेल्या की काम बंद. एका वर्षी साधारण सभेच्या अहवालाची जुनीच फाईल छापायला गेली, छापून गठ्ठे आल्यावर कळलं. त्या रात्री मी ठरवलं की इथं एक सर्व्हर बसवायचा. तेव्हा मला यातलं अर्धंच कळत होतं, त्यामुळे तीन वेळा सगळं पुसून पहिल्यापासून केलं. नंतर बेळगावात दोन-तीन ऑफिसं, निपाणीकडं एक गोडाऊन आणि एका मराठी हायस्कूलची लॅब असं करत गेलो. तुम्हाला तीन वेळा पुसायला लागू नये म्हणून हे सगळं लिहूलालोय.

आधी एक सांगतो. कमांड आणि सेटिंगची नावं मी इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीत, मशीनवर टाईप करताना ती इंग्रजीतच करायची.

काय काय लागेल ते आधी गोळा करा:

- एक कॉम्प्युटर जो फक्त सर्व्हर म्हणून राहील. पाच-सहा वर्षं जुना, ८ जीबी रॅमचा असला तरी वीस माणसांना पुरतो
- त्यात दोन डिस्क (एक कामाला, एक बॅकअपला) आणि बाहेर नेता येईल अशी तिसरी यूएसबी डिस्क
- गिगाबिट स्विच, चांगली कॅट ६ वायर
- यूएसबी केबल जोडता येते असा यूपीएस. नुसत्या घरच्या इन्व्हर्टरवर सर्व्हर ठेवू नका, लाईट जाऊन इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात मशीन रिस्टार्ट होते
- उबंटू सर्व्हरची एलटीएस आवृत्ती, पाच वर्षं अपडेट मिळतात, पैसे लागत नाहीत
- काम करणाऱ्या माणसांची यादी, आणि कोण काय बघतं हे सांगू शकणारा ऑफिसातला एक जुना माणूस

"विंडोजच्याच एका मशीनवर फोल्डर शेअर केलं की झालं की हो, सर्व्हर कशाला?" असं सगळेच विचारतात. चार माणसं असतील तर चालतं. खरं साध्या विंडोज १० किंवा ११ ला एका वेळी जास्तीत जास्त २० मशीन जोडता येतात, एकविसावं आलं की नाही म्हणून सांगते, आणि ज्याच्या मशीनवर शेअर आहे तो संध्याकाळी बंद करून गेला की सगळ्यांची फाईल त्याच्याबरोबर घरी गेली.

१. कीबोर्डला हात लावायच्या आधी कागद घ्या

हीच पायरी लोक सोडतात आणि पुढचा सगळा घोळ इथूनच होतो. एका कागदावर डावीकडं माणसांची नावं लिहा, वर कामाची नावं लिहा: कर्ज, ठेव, लेखा, पत्रव्यवहार, सभा. मग प्रत्येक चौकोनात तीनच गोष्टी, "लिहितो", "फक्त बघतो", "बघूही नये". मॅनेजरसाहेबांसमोर बसून हे भरून घ्या आणि त्यांची सही घ्या. सही म्हणजे कटकट वाटेल, खरं सहा महिन्यांनी कोणीतरी "मला पगाराचं फोल्डर का दिसत नाही" म्हणून विचारणारच, तेव्हा तो कागद तुमच्या बाजूने बोलतो.

आता दोन गोष्टी डोक्यात पक्क्या करा. होम फोल्डर म्हणजे एका माणसाचं घर, त्याचं कच्चं काम, त्याचे अर्ज, त्याचे स्कॅन. शेअर फोल्डर माणसाचं नसतं, कामाचं असतं. ज्या फाईलची उद्या दुसऱ्या कोणालाही गरज पडू शकते ती घरात ठेवायची नाही. आक्कांची सभासद यादी आक्कांच्या घरात होती, सगळं दुखणं ते होतं. म्हणून फोल्डरला माणसाचं नाव देऊ नका, "कुलकर्णी सर" असं शेअर फोल्डर केलं की सर रिटायर झाल्यावर त्याचं काय करायचं कोणाला कळत नाही. कामाचं नाव द्या.

२. सर्व्हर आणि डिस्क

उबंटू सर्व्हर इन्स्टॉल करताना डिस्कच्या पानावर नुसतं पुढं पुढं दाबत जाऊ नका. नेहमीच्या एलव्हीएम (डिस्कचे भाग पाडायची लिनक्सची पद्धत) मांडणीत तो मोठ्या डिस्कमधले १०० जीबीच सिस्टीमला देतो, बाकीची जागा तशीच रिकामी सोडतो. १ टीबीची डिस्क घातली आणि दोन महिन्यांत "डिस्क फुल" आलं म्हणून मला फोन येतात त्यांतले निम्मे हेच असतात. तिथंच थांबून जागा वाटून घ्या: सिस्टीमला ५० जीबी, बाकीची होमला वेगळी आणि शेअरला वेगळी. वेगळं करण्याचा फायदा असा की कोणी लग्नाचे व्हिडिओ आणून होम भरलं तरी ऑफिसचं शेअर आणि सर्व्हर चालू राहतो.

आणि यूएसबी डिस्क लावून तीच शेअर करायचा मोह होतो, तो टाळा. बाजारातून आणलेली डिस्क बहुतेक एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असते आणि एक्सफॅटमध्ये मालक, ग्रुप, परवानगी असलं काही साठवताच येत नाही, तुम्ही कितीही सेटिंग करा. कामाची डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्येच फॉरमॅट करा.

३. वायर आणि पत्ता

सर्व्हरला कायमचा आयपी पत्ता द्या, नाहीतर राऊटर बंद-चालू झाला की पत्ता बदलतो आणि सकाळी सगळ्यांचे ड्राईव्ह लाल. राऊटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन (या मशीनला नेहमी हाच पत्ता अशी नोंद) करणं सगळ्यात सोपं. सर्व्हरचं नाव छोटं ठेवा, १५ अक्षरांच्या आत, इंग्रजीत.

वेग कमी वाटला तर आधी वायर बघा. गिगाबिटला वायरीतल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात, म्हणून एक जोडी नीट क्रिंप झाली नसली तरी नेट चालतंच, फक्त दहापट हळू. वायरमन "चालूलालंय की" म्हणून निघून जातो. मोठी फाईल कॉपी करून बघा, सेकंदाला अकरा-बारा एमबीवर अडकली असेल तर वायर नाहीतर स्विच जुना आहे, शंभराच्या आसपास जायला पाहिजे.

४. यूजर आणि ग्रुप

प्रत्येक माणसाला एक यूजर. "ऑफिस" नावाचा एकच यूजर करून सगळ्यांना तोच पासवर्ड देऊ नका, मग कोणी काय पुसलं ते कधीच कळणार नाही. यूजरचं नाव छोट्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, आणि सगळ्यांना एकाच पद्धतीने. कागदावरच्या प्रत्येक कामाला एक ग्रुप: कर्ज, ठेव, लेखा. परवानगी नेहमी ग्रुपला द्यायची, माणसाला कधीच नाही. माणूस टेबल बदलला की त्याचा ग्रुप बदलायचा, फोल्डरला हात लावायचा नाही.

इथं दोन खड्डे आहेत.

पहिला, सांबाचा पासवर्ड वेगळा असतो. सांबा म्हणजे ते सॉफ्टवेअर जे लिनक्सचं फोल्डर विंडोजला दाखवतं. ॲडयूजर कमांडने माणूस तयार केला, पासवर्ड दिला, तरी विंडोजवरून आत जाता येत नाही, कारण सांबाची स्वतःची यादी असते. प्रत्येकासाठी एसएमबीपासडब्ल्यूडी कमांड वजा ए लावून एकदा चालवायची. यादीत कोण कोण आलंय ते पीडीबीएडिट वजा एल ने दिसतं. मी पहिल्या वेळी यात एक अख्खी दुपार घालवली.

दुसरा, चालू असलेल्या माणसाला नव्या ग्रुपात घातलं तर ते लगेच लागू होत नाही. त्याने लॉगआऊट करून परत आत यायला पाहिजे. "घातलंय म्हणता, उघडत नाही" असं झालं की आधी हे करून बघा, मगच सेटिंग उसकटा.

ज्यांना सर्व्हरवर थेट लॉगिन करायची गरज नाही, म्हणजे जवळजवळ सगळेच, त्यांचा शेल (लॉगिन केल्यावर कमांड घेणारा प्रोग्राम) नोलॉगिन करून ठेवा. सांबा त्याने अडत नाही.

५. होम फोल्डर

यूजर बनवताना होम आपोआप तयार होतं आणि त्यात ईटीसी (सेटिंगच्या फाईलींचं फोल्डर) मधल्या स्केल फोल्डरची नक्कल पडते. म्हणून यूजर करायच्या आधी स्केलमध्ये रिकामी फोल्डरं करून ठेवा, "स्कॅन", "पत्रं", "कच्चं". मग प्रत्येकाचं घर एकसारखं दिसतं आणि फोनवर समजावून सांगणं सोपं जातं.

सांबाच्या सेटिंग फाईलमध्ये होम्स नावाचा एक खास भाग आहे. त्यात चार ओळी पुरतात: ब्राऊजेबल नो, रीड ओन्ली नो, व्हॅलिड यूजर्स टक्का-कॅपिटल एस, आणि क्रिएट मास्क ०६०० (शेवटचे तीन आकडे ओळीने मालक, ग्रुप आणि बाकीच्यांचे; ६ नाहीतर ७ असेल तर लिहिता येतं, ४ नाहीतर ५ असेल तर नुसतं वाचता येतं, ० म्हणजे काहीच नाही). ती टक्का-एस वाली ओळ विसरू नका, तिचा अर्थ "ज्याचं घर त्यालाच प्रवेश". उबंटूमध्ये २१.०४ पासून नव्या होमची परवानगी ७५० असते, त्याआधी ७५५ होती, म्हणजे जुन्या सर्व्हरवर सगळ्यांना सगळ्यांच्या घरात डोकावता यायचं. जुना सर्व्हर अपग्रेड करून आणला असेल तर घरांची परवानगी स्वतः तपासा.

सेटिंग बदललं की दरवेळी टेस्टपार्म कमांड चालवा. एका ओळीत स्पेलिंग चुकलं तर सांबा ती ओळ सोडून देतो आणि बाकी चालू राहतं, तुम्हाला वाटतं सगळं लागलं.

कोटा, म्हणजे प्रत्येकाला किती जागा त्याची मर्यादा, पण आत्ताच लावा, भरल्यावर लावायला गेलं की भांडण होतं. शाळेच्या लॅबमध्ये पोरांना १ जीबी मऊ मर्यादा आणि दीड जीबी कडक मर्यादा दिली होती. मऊ ओलांडली की सात दिवसांची सवड मिळते, त्यात साफ केलं नाही तर नवं काही ठेवता येत नाही. रेपकोटा कमांडने कोणी किती जागा धरलीय ती यादी मिळते.

६. शेअर फोल्डर, इथं घाई करू नका

समजा एसआरव्ही (सर्व्हरवर शेअरचा डेटा ठेवायचं फोल्डर) खाली "कर्ज" फोल्डर केलं. मालक रूट (सर्व्हरचा मुख्य यूजर), ग्रुप कर्ज, परवानगी २७७०. शेवटचं शून्य म्हणजे बाहेरच्यांना काहीच नाही. सुरुवातीचा २ म्हणजे सेटजीआयडी, तोच सगळ्यात महत्त्वाचा. तो नसला तर एखाद्याने आत नवी फाईल केली की तिच्यावर त्या माणसाचा स्वतःचा ग्रुप लागतो आणि शेजारच्या टेबलाला ती उघडता येत नाही. २ लावला की आत जे काही तयार होईल त्याला कर्ज ग्रुपच लागतो.

खरं एवढ्यानेही भागत नाही. सांबाचा आपला मूळ क्रिएट मास्क ०७४४ असतो, म्हणजे ग्रुप बरोबर असला तरी ग्रुपवाल्यांना फक्त वाचता येतं. लोक म्हणतात, "मी केलेली फाईल मामांना उघडते, सेव्ह होत नाही." म्हणून शेअरच्या भागात फोर्स क्रिएट मोड ०६६० आणि फोर्स डिरेक्टरी मोड २७७० या दोन ओळी घाला, आणि व्हॅलिड यूजर्समध्ये ॲट चिन्ह लावून ग्रुपचं नाव. हे तिन्ही झालं की नव्वद टक्के तक्रारी येतच नाहीत.

इथं अडकल्यावर कोणीतरी सांगतं, "७७७ मार, चालू होतंय." चालू होतं. त्यानंतर ज्याला त्या सर्व्हरवर पाय ठेवता येतो तो कोणाचीही कर्जाची फाईल बदलू शकतो, पुसू शकतो, आणि पुढं मागं ते दुरुस्त करताना कुठल्या फाईलला मूळ काय परवानगी होती ते कोणाला आठवत नाही. लोकांच्या पैशाचा कागद आहे तो. ७७७ कधीच मारू नका, एक तास जास्त लागला तर लागू दे.

स्टिकी बिट ऐकलं असेल, म्हणजे ३७७०, त्यात ज्याने फाईल ठेवली त्यालाच ती पुसता येते. ऐकायला छान वाटतं म्हणून मी सगळीकडं लावलं होतं आणि वर्ड-एक्सेलवाल्यांचं सेव्ह होणं बंद झालं. कारण असं की ऑफिसची सॉफ्टवेअर्स सेव्ह करताना आधी तात्पुरती फाईल लिहितात, मग जुनी काढून तिला जुनीचं नाव देतात. जुनी काढायचीच परवानगी नसेल तर सेव्ह कसं होणार. स्टिकी फक्त "आणून ठेवा" छाप फोल्डरला लावा, जिथं लोक टाकतात आणि दुसरे नुसते उचलून नेतात.

एक्सेल उघडताना "फाईल दुसरा वापरतोय" आलं आणि तो दुसरा तर जेवायला गेलाय, तर सर्व्हरवर एसएमबीस्टेटस चालवा, कोणत्या मशीनवर कोणी उघडून ठेवलीय ते दिसतं. मशीन हँग होऊन बंद झालं असेल तर फोल्डरात त्याच नावाची, पुढं लाटेसारखं चिन्ह आणि डॉलर असलेली एक लपलेली छोटी फाईल मागं राहते. मूळ फाईल खरंच कोणी उघडलेली नाही हे बघून ती काढायची.

अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा डेटा वेगळ्या शेअरमध्ये ठेवा, बाकीच्या कागदपत्रांत मिसळू नका. आणि आऊटलुकची पीएसटी फाईल (मेल साठवणारी) नेटवर्क ड्राईव्हवर ठेवू नका, मायक्रोसॉफ्ट स्वतःच त्याला आधार देत नाही, फाईल खराब होते.

७. विंडोजच्या मशीनवर जोडणं

एक्स्प्लोररच्या नेटवर्कमध्ये सर्व्हर दिसत नाही म्हणून घाबरू नका. ते शोधून दाखवण्याचं काम पूर्वी एसएमबी १ (विंडोजची फोल्डर शेअर करायची जुनी पद्धत) करायचं आणि २०१७ च्या शेवटापासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये ते येतच नाही. वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा मारून सर्व्हरचं नाव टाईप करा, उघडतं. नाव चालत नसेल तर आयपी टाकून बघा.

घराला एच ड्राईव्ह, शेअरला एस ड्राईव्ह, सगळ्या मशीनवर हीच अक्षरं. विंडोजवर लॉगिनचं नाव आणि पासवर्ड सांबासारखाच ठेवला तर परत विचारत पण नाही.

डॉक्युमेंट्स फोल्डरच एच ड्राईव्हला वळवता येतं: राईट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. म्हणजे माणूस सवयीने डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करतो आणि फाईल आपोआप सर्व्हरवर जाते. त्याआधी वनड्राईव्ह तेच फोल्डर धरून बसलंय का बघा, दोघांनी एकच फोल्डर ओढलं की अर्ध्या फाईल इकडं अर्ध्या तिकडं. आणि डेस्कटॉप मात्र वळवू नका, लोक डेस्कटॉपवर काय काय ठेवतात, लॉगिनलाच पाच मिनिटं जातात.

नेहमी येणारा एक एरर सांगतो, नंबर १२१९. विंडोज एकाच सर्व्हरला एका वेळी दोन वेगळ्या नावांनी जाऊ देत नाही. आधी चुकून दुसऱ्याच्या नावाने गेला असाल तर नेट यूज स्टार स्लॅश डिलीट करा, क्रेडेन्शियल मॅनेजरमधून जुना पासवर्ड काढा, मग परत जोडा.

पासवर्डशिवायचा गेस्ट शेअर करू नका. नव्या विंडोज ११ प्रो मध्ये तो उघडतही नाही, आणि उघडला असता तरी वायफायवर आलेल्या कोणालाही तो दिसला असता.

जुनं झेरॉक्स-स्कॅनर मशीन "फोल्डरला स्कॅन" करत नसेल तर बहुतेक त्याला फक्त एसएमबी १ येतं. "एसएमबी १ चालू करा" असा सल्ला मिळेल. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय जगभर पसरला तो एसएमबी १ मधल्याच भोकातून. चालू करू नका. मशीनला ईमेल किंवा एफटीपीने स्कॅन जमतं का बघा, नाहीतर यूएसबीने एका पीसीला जोडा.

८. फाईलींची नावं: आपल्याकडचा खास घोळ

हे पुण्या-मुंबईच्या माहितीत मिळणार नाही. आपल्याकडं एकाच ऑफिसात पत्र कन्नडमध्ये जातं, सभेचा वृत्तांत मराठीत असतो आणि ऑडिट इंग्रजीत. फाईलींची नावं पण तशीच तीन लिपीत.

लिनक्समध्ये एका नावाला २५५ बाईट मिळतात. इंग्रजी अक्षर एक बाईट, देवनागरी आणि कन्नड अक्षर तीन-तीन बाईट. म्हणजे आपल्या लिपीत ८५ अक्षरंच. त्यात काना, वेलांटी, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजलं जातं, "कार्यकारिणी" दिसायला पाच अक्षरं, मोजायला अकरा. विंडोज मात्र २५५ अक्षरं मोजतं, बाईट नाही. त्यामुळे विंडोजवर सुखाने राहिलेली "२०२३-२४ सालची वार्षिक सर्वसाधारण सभा कार्यवृत्तांत अंतिम दुरुस्तीसह अध्यक्षांच्या सहीसाठी आणि संचालक मंडळाच्या माहितीसाठी" असली फाईल सर्व्हरवर कॉपी करताना अडते, आणि एरर बघून काही बोध होत नाही. जुना डेटा हलवायच्या आधी लांब नावं शोधून छोटी करा, मी एकदा कॉपी लावून घरी गेलो आणि सकाळी बघतो तर चाळिसाव्या फाईलीवर रात्रभर थांबलेलं.

दुसरं, श्रीलिपी नाहीतर कन्नडच्या नुडीच्या जुन्या बिनयुनिकोड फॉन्टमध्ये टाईप करायची सवय असेल तर फाईलच्या नावात नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो, कारण नावाच्या जागी तो फॉन्ट लागत नाही. अशा लोकांना नावापुरतं इंग्रजी टाईप करायला सांगा.

माझा नियम असा: नाव तारखेने सुरू, आधी वर्ष मग महिना मग दिवस, म्हणजे नुसतं नावावर लावलं तरी ओळीने लागतात. मग दोन-तीन शब्द इंग्रजी लिपीत. फोल्डरांची नावं मराठी-कन्नड असली तरी चालतील, छोटी ठेवा. फोल्डरात फोल्डर तीन पायऱ्यांपेक्षा खोल नको, विंडोजला पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या वर गेला की बरीच सॉफ्टवेअर्स उघडायलाच नकार देतात. आणि "फायनल" हा शब्द नावात बंद. "फायनल २", "फायनल खरं" यानेच तो अहवाल चुकला होता.

९. लॅबमध्ये मशीनपण लिनक्स असतील तर

मग एनएफएस (लिनक्स मशीनना आपापसांत फोल्डर शेअर करायची पद्धत) वापरा, पोरगं कुठल्याही मशीनवर बसलं तरी त्याचं घर तिथं येतं. तीन गोष्टी सांभाळा. एनएफएस साध्या मांडणीत नाव बघत नाही, नंबर बघतो, म्हणून सर्व्हरवर ज्याचा यूजर नंबर १००५ त्याचा प्रत्येक मशीनवर १००५ च पाहिजे. नाहीतर एका पोराला दुसऱ्याचं घर उघडं.

सर्व्हरवरच्या एक्स्पोर्ट्स फाईलमध्ये (कुठलं फोल्डर कुठल्या मशीनला द्यायचं ते यात लिहितात) मशीनचा पत्ता आणि कंस यांच्यामध्ये जागा सोडू नका. जागा सोडली की कंसातली परवानगी त्या मशीनला नाही, सगळ्या जगाला लागते. एका स्पेसने एवढं होतं हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पोरं बसतात त्या मशीनच्या एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क आणि फोल्डरं जोडायची त्याची यादी) नोफेल आणि अंडरस्कोर-नेटडेव्ह लिहा, म्हणजे सर्व्हर बंद असला तरी मशीन सुरू व्हायला अडत नाही. एकच पोरगं दोन मशीनवर लॉगिन झालं की फायरफॉक्स "आधीच चालू आहे" म्हणतो, तो बिघाड नव्हे, एका ठिकाणचं बंद करायचं.

१०. डिलीट, बॅकअप, लाईट

"ओ सर, माझी फाईल गेली की हो, कोण डिलीट मारलंय बघा." हा फोन येणारच. नेटवर्क ड्राईव्हवरून पुसलेली फाईल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. म्हणून सांबामध्ये रिसायकल नावाचं मॉड्यूल चालू करा, सोबत कीपट्री आणि व्हर्जन्स येस. मग पुसलेलं एका लपलेल्या फोल्डरात जातं. ते आपोआप रिकामं होत नाही, तीस दिवसांपेक्षा जुनं काढणारी एक क्रॉनची (ठरलेल्या वेळी आपोआप कमांड चालवणारं) ओळ लावा.

दोन डिस्कची रेड (एकच डेटा दोन्ही डिस्कवर एकदम लिहिणं) म्हणजे बॅकअप असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. फाईल पुसली की रेडमध्ये दोन्हीकडून पुसली जाते. रोज रात्री आरसिंक या नक्कल करणाऱ्या कमांडने दुसऱ्या डिस्कवर नक्कल घ्या, तीही तारखेच्या वेगळ्या फोल्डरात. आरएसस्नॅपशॉट हे छान करतं, न बदललेल्या फाईलींना परत जागा घेत नाही. एकाच फोल्डरवर रोज वरचेवर नक्कल केली तर व्हायरसने लॉक केलेल्या फाईल रात्री चांगल्या फाईलींवर जाऊन बसतात. तिसरी यूएसबी डिस्क आठवड्यातून एकदा, आणि ती दुसऱ्या इमारतीत न्यायची. महिन्यातून एकदा कुठलीही एक फाईल बॅकअपमधून परत काढून उघडून बघा.

लाईटचं तुम्हाला काय सांगू. वळीव लागला की दुपारी चारला आभाळ येतं आणि गडगडायला लागलं की लाईट गेलीच. जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात तर दिवसच्या दिवस. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला लावा आणि नट नावाचं सॉफ्टवेअर टाका, बॅटरी संपत आली की ते सर्व्हर स्वतः नीट बंद करतं. स्विचही त्याच यूपीएसवर ठेवा. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची वायर नेली असेल तर विजेने स्विचची पोर्टं जातात, माझ्या डोळ्यासमोर आठ पोर्टं गेलीत. तिथं फायबर टाका, तेवढा खर्च वसूल होतो.

बाहेरून फाईल बघायच्या म्हणून राऊटरमध्ये ४४५ पोर्ट (शेअर फोल्डरचं दार) कधीही उघडू नका. निपाणीच्या शाखेतून बघायचं असेल तर वायरगार्डसारखं व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी, बंद वाट) लावा.

११. माणूस सोडून गेला की

यूजर लगेच पुसू नका. यूजरडेल वजा आर मारलं की घर पण जातं, आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारतं, "त्या ताईंनी वसुलीची यादी केली होती ती कुठाय?" आधी सांबा आणि लिनक्स दोन्हीकडं खातं लॉक करा. मग त्यांच्या वरिष्ठांना शेजारी बसवून घर उघडा, कामाच्या फाईल त्या त्या शेअरमध्ये हलवा, खासगी असेल ते त्या माणसाला फोन करून पेन ड्राईव्हवर द्या, त्यांच्या पोराबाळांचे फोटो असतात त्यात. उरलेलं गुंडाळून "जुनी घरं" नावाच्या, फक्त तुम्हालाच उघडणाऱ्या फोल्डरात एक वर्ष ठेवा.

यूजर नंबर परत वापरू नका. लिनक्स नवा यूजर करताना रिकामा झालेला नंबर परत देऊ शकतो, म्हणून एखादा यूजर पुसून नवा केला तर त्याला तोच नंबर मिळू शकतो, आणि शेअरमध्ये जुन्या माणसाच्या नावावर राहिलेल्या सगळ्या फाईल नव्या माणसाच्या होऊन बसतात. मी एक वही ठेवलीय: नंबर, नाव, आला कधी, गेला कधी. वही सर्व्हरच्या कपाटातच असते आणि कपाटाची एक किल्ली मॅनेजरसाहेबांकडं.